तेवीस भागिले पंच्याहत्तर

परवा शनिवारी, माझ्या घरातल्या सगळ्यात महागड्या कागदावर दादरच्या एका फ्रेमवाल्याच्या पोऱ्याने खोडरबर फिरवला.

"खाली कुणीतरी हिशोब लिहिला होता," शेठ कौतुकाने म्हणाले. "आणि बाजूला रेघोट्या. पोऱ्याने साफ करून ठेवलंय. बघा, चकाचक."

हिशोब म्हणजे 23/75. रेघोट्या म्हणजे चित्रकाराची सही.

आजच्या चित्रकारांची राजकीय स्क्रीन प्रिंट्स, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापलेली चित्रं, मी जमवतो. चार आहेत. (चाराला संग्रह म्हणतात का, हा प्रश्न आमच्याकडे जेवताना निघतो.) हे पाचवं. सभेचं व्यासपीठ, 11 माइक, मागे रिकामी खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. तीन रंग, 75 प्रती. छापून झालं की चित्रकार प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने नंबर घालतो (23/75 म्हणजे 75 पैकी 23वी) आणि सही करतो. पेन्सिल अशासाठी की ती कागदात रुतते आणि शाईसारखी उडत नाही. खोडरबरापुढे मात्र तिचं काही चालत नाही, हे सांगायला गॅलरीतली मुलगी विसरली.

मी तोंड उघडणार, एवढ्यात स्टुलावर बसलेले काका उठले. ते लग्नाच्या पन्नाशीचा फोटो फ्रेम करायला आले होते आणि काकूंच्या डोक्यावरचं मंडपाचं झुंबर कापायचं की ठेवायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. झुंबर बाजूला राहिलं.

"स्क्रीन आहे का हो ही?" असं म्हणत त्यांनी माझा कागद ट्यूबलाइटखाली धरला आणि लाल रंगावरून अंगठा फिरवला. उघड्या अंगठ्याने! मी श्वास धरला. "शाई चांगली उचललीय. तीन जाळ्या. काळा शेवटी मारलाय. लाल सरकलाय."

"सरकलाय म्हणजे?"

"हा खुर्चीचा पाय बघा. काळ्या रेघेच्या बाहेर नखभर लाल आलाय. गिरगावात आमचा छापखाना होता, पत्रिकांचा. असा माल दिला असता तर मुलीच्या बापाने तोंडावर फेकला असता."

याच सरकलेल्या लालाला त्या मुलीने 'हाताच्या कामाचा श्वास' म्हटलं होतं, आणि त्या श्वासावरच मी भाळलो होतो.

"किती छापल्या?" काका.

"पंच्याहत्तर."

"आणि मग काय झालं?"

"काही नाही. थांबले."

"शाई संपली?"

"नाही हो. ठरवूनच."

"जाळी फाटली?"

"जाळी मुद्दाम धुऊन टाकतात. पुन्हा छापता येऊ नये म्हणून."

काकांनी शेठकडे पाहिलं. शेठनी पोऱ्याकडे पाहिलं. "अहो, जाळी बसवायला दिवस जातो," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "ती बसली की मग पैसा. आणि हा माणूस तिथेच थांबला?"

आता कलेची बाजू सांभाळणं भाग होतं. मी थेट अमेरिकेत गेलो. 2008 साली शेपर्ड फेअरीने ओबामाचं पोस्टर काढलं, तेव्हा सुरुवातीला 350 विकली आणि 350 भिंतींवर चिकटवली.

"साडेतीनशे? तेवढी कापडं एकेक उमेदवार एका रात्रीत न्यायचा आमच्याकडून. निवडून आला का?"

"आला."

"मग ठीक आहे."

हुरूप येऊन मी 1972 वर घसरलो. राष्ट्राध्यक्षपदासाठी निक्सनविरुद्ध उभ्या मॅकगव्हर्नच्या प्रचारासाठी चित्रकार अँडी वॉरहॉलने निक्सनचा चेहरा हिरवागार छापला, खाली 'मॅकगव्हर्नला मत द्या'. 250 प्रती. आणि मॅकगव्हर्न 50 पैकी 49 राज्यांत आपटला.

"विरोधकाचाच फोटो एवढा मोठा छापला?" काका म्हणाले. "मग पडणारच."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग त्यांची गाडी सुटली. निवडणुकीत एकाच टेबलावर सकाळी एका पक्षाचं कापड, दुपारी दुसऱ्याचं. मधल्या वेळात रॉकेलने जाळी धुवायची. एकदा कामगाराने ती नीट धुतली नाही आणि एकाच्या चिन्हामागे दुसऱ्याच्या चिन्हाचं फिकट भूत उमटलं, सगळ्या कापडांवर. दोघंही भांडायला आले, पैसे दोघांनीही बुडवले. पुढे फ्लेक्स आला आणि काकांनी टेबल विकलं. ते कापड मला आज कुणी दिलं, तर मी घरच्यांशी खोटं बोलून घेईन. माझ्या पाचही प्रिंट्समध्ये मिळून तेवढं राजकारण नाही.

आणि राग त्या फ्लेक्सचाही येतो. आमच्या नाक्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, त्यावर 32 तोंडं, शुभेच्छुकांची वेगळीच. वाढदिवस होऊन महिना झाला. ते पुसायला कोणी येत नाही. माझ्या प्रिंटवरची बोटभर सही तेवढी पोऱ्याला दिसली.

पॅरिसमध्ये 1968 च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी अशीच जाळीवर पोस्टरं छापली. त्यांवर कुणाची सही नव्हती, आणि ती शोभेसाठी लावू नका असं त्यांनी बजावलं होतं. आज ती लिलावात जातात. हे मला पाठ आहे. तरी त्याच दुकानात आदल्या आठवड्यात मी पाऊण तास घालवला होता, सोफ्याला शोभेल अशी फ्रेमची पट्टी निवडण्यात.

"एवढं तोंड पाडू नका," काका म्हणाले आणि शेठच्या कानावरची पेन्सिल त्यांनी काढून घेतली. "कितवा हवाय? एक लिहितो. पहिला नंबर. सही कशी करतो हा?"

मी दोन्ही हातांनी कागद झाकला.

"बरं, राहिलं. तिरका धरा."

तिरका धरला. उजेड आडवा पडल्यावर कागदात 23 चा खळगा दिसला, मग तिरकी रेघ, मग 75. सहीचं पहिलं अक्षरही. "पोऱ्याने नीट जोर लावला नाही," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात कामगारावरची जुनी नाराजी होती.

शेठनी बिल सरकवलं. पट्टी, काच, माउंट. खाली साफसफाई, 50 रुपये.

"हे कसले?"

"खोडायचे. कागद जाड होता, पोऱ्याला वेळ लागला."

काकांनी घासाघीस करून चाळीसवर आणले.