किडेवाल्या मॅडम

काल हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढले, तर काउंटरमागून पोऱ्या ओरडला, "शेठ, किडेवाल्या मॅडम आल्या!" दुकानात माझ्याच एस.वाय.ची दोन मुलं एक्स्टेन्शन बोर्ड घेत उभी होती. बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून कमावलेलं नाव ते हे. आज सकाळी हजेरी घेताना मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आलीच.

झालं काय, की कॉलेजची तपासणी करणारी नॅकची समिती येणार म्हणून डिपार्टमेंटच्या म्युझियमची कपाटं उघडली. कीटकांचे चौदा ड्रॉवर. तळाला बुचाचं अस्तर, ते वाळून इतकं खडखडीत की टाचणी वाकते पण आत शिरत नाही. तेव्हा बूच खरवडून फोम लावायचा. फोम मिळाला. तो खालच्या लाकडाला चिकटवायचा कशानं, एवढंच बाकी होतं. आणि मी तीन आठवड्यांपूर्वी त्या दुकानात जाऊन म्हणून बसले, "किड्यांच्या ड्रॉवरसाठी गोंद द्या."

शेठनी न बोलता उंदीर पकडायचं चिकट पुठ्ठं समोर ठेवलं. "घूससुद्धा हलत नाही, मॅडम."

शेजारी एक काका उभे होते. हातात फ्लशच्या टाकीचा कुजका वॉशर. तसलाच दुसरा शोधायला पोऱ्या माळ्यावर गेला होता, त्यामुळे काकांना वेळच वेळ.

"जिवंत आहेत का मेलेले?" काकांनी विचारलं.

"मेलेले."

"मग चिकटवता कशाला? मेलेला किडा कुठं पळून जाणारे?"

"किडे नाही हो, फोम चिकटवायचाय. किडे टाचणीला लावलेले असतात."

"मेल्यावर टाचणी?" काकांनी वॉशर काउंटरवर ठेवला. प्रकरण आता गंभीर होतं. "काय पाप केलं होतं त्यांनी?"

मी शिकवायला लागले. हा माझा रोग आहे, समोर माणूस दिसला की मी शिकवते. टाचणी साधी नसते, ३८ मिलिमीटर लांब असते. भुंगेऱ्याच्या उजव्या पंखातून घालतात. मग तो न हाताळता चहूबाजूंनी बघता येतो.

"कोण बघतं?"

"विद्यार्थी."

"रोज?"

मी गप्प बसले. काका दयाळू असावेत, त्यांनी विषय बदलला. "आमच्या मोरीत झुरळं आहेत. मोठी, पंखवाली. हवी असली तर या. तुम्हाला म्हणून फुकट." मग जरा थांबून, "फक्त टाचणी तुमची."

तेवढ्यात वॉशर आला, तो अर्धा सूत लहान निघाला, पोऱ्या परत माळ्यावर. काकांनी निघेपर्यंत मला तीन सल्ले दिले: खळ लावा, च्युइंगगम लावा, आणि काहीच लावू नका, फोम चिमूटभर मोठा कापा आणि दाबून बसवा.

शेठचं मत फेविकॉल. घरी आणून एका ड्रॉवरला लावला. त्याचा काय दोष? त्यातलं पाणी उडून गेलं तर तो वाळणार. इथं खाली पॉलिश केलेलं लाकूड, वर पाणी न शोषणारा फोम आणि बाहेर श्रावण. आठ दिवसांनी कोपरा उचलला तर आत खीर. सिलिकॉनच्या नळीचं झाकण काढलं तर व्हिनेगरचा वास आला. म्हणजे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे टाचण्यांना गंज. जुन्या पितळी टाचण्यांवर किड्यांच्या चरबीनं आधीच हिरवा कळंक फुलला आहे, त्यात आणखी ही भर नको. रबर सोल्युशन चाचणीसाठी थर्माकोलच्या तुकड्यावर लावलं, तर त्यातल्या टोल्युइननं थर्माकोल माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला. नशीब, मी फोम घेतला होता.

शेवटी, कुणाला सांगू नका, रात्री दार लावून काकांचा तिसरा सल्ला करून बघितला. फोम अगदी फिट्ट बसला. चाळीस भुंगेरे लावले, ओळीत. मग एक गेंड्या भुंगेरा बघायला म्हणून टाचणी उपसली, तर टाचणीबरोबर अख्खा फोम वर आला आणि चाळीसच्या चाळीस जण कलंडले. दोघांचे पाय गेले. पायांचे तुकडे चिमट्यानं गोळा करताना मला काकांच्या मोरीची आठवण येत होती आणि ती प्रेमाची नव्हती.

त्यातल्या एकाच्या खाली चिठ्ठी आहे: महाबळेश्वर, १९६१, आणि बारीक अक्षरात पकडणाऱ्याचं आडनाव. शाई तपकिरी झालीय. बाजूच्या ड्रॉवरमध्ये अशा नऊ टाचण्या आहेत ज्यांवर चिठ्ठी आहे आणि किडा नाही. खाली नुसती भुकटी. अँथ्रेनस या वाळके किडे खाणाऱ्या बारक्या भुंगेऱ्याच्या अळ्यांनी खाल्ले. डांबरगोळ्या वेळेवर बदलल्या असत्या तर वाचले असते. त्यासाठी मी दोनदा अर्ज केला होता. एकदा उत्तर आलं की तीन कोटेशनं जोडा. डांबरगोळ्यांची. समितीसाठी फाटकाला सोनेरी रंग मात्र कोटेशनशिवाय लागला.

तर अखेर रबर सोल्युशनच. दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं, आणि वास जाईपर्यंत ड्रॉवर रिकामे उघडे. घरात दहा दिवस पंक्चरवाल्याच्या टपरीचा वास आहे. नवरा गॅलरीत जेवतो.

दुसरा डबा आणायला गेले तो कालचा दिवस. शेठनी बिलावर लिहिलं, "किड्यांचा गोंद, १ नग." ते घेऊन आज ऑफिसात गेले. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला, बिल वाचलं, रजिस्टर उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मॅडम, गोंदाला हेड नाही. पण कीटकनाशक फवारणीत पैसे पडून आहेत, त्यात बसवतो."

"अहो, पण मी किडे मारत नाहीये. राखतेय."

"किड्यांचंच आहे ना? मग झालं." त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "इथं सही. आणि इथं फवारणीची तारीख."

मी कालची टाकली.