साडेसहा इंचातला फॉर्म

डेस्कटॉपचा जमाना गेला म्हणतात सगळे, आणि ते खरंच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटर या इंटरनेटचा वापर मोजणाऱ्या कंपनीच्या आकड्यांत जगभरात मोबाईल-टॅबलेटवरचं ब्राउझिंग पहिल्यांदा डेस्कटॉपच्या पुढे गेलं, आपल्याकडे तर त्याच्याही आधी, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं म्हटल्यावर विचारायलाच नको, गावाकडची आजीसुद्धा व्हिडिओ कॉलवर. फक्त ही बातमी ऑनलाईन फॉर्मवाल्यांना अजून कुणी कळवलेली नाहीये.

भाच्याचा फॉर्म भरायचा होता. "मामा, तुझा फोन मोठाय ना" म्हणून माझ्या गळ्यात. साईट उघडली तर अक्षरं मुंगीएवढी, मोठी करायला जावं तर 'सबमिट' उजवीकडे कुठेतरी उंडारायला गेलेलं, ते ओढून आणावं तर 'रद्द करा' त्याला खेटून उभं आणि आपला अंगठा दोघांपेक्षा रुंद. मग तीन टिंबं दाबून 'डेस्कटॉप साईट'वर टिक करायची, म्हणजे फोनने कॉम्प्युटर असल्याचं सोंग आणायचं. तेही केलं. तळाला बारीक ओळ: 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसेल.' अहो, त्या एक्सप्लोररला खुद्द मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये मूठमाती दिली!

जन्मतारखेचं कॅलेंडर चालू महिन्यावर उघडतं, तिथून एकेक महिना मागे ढकलत २००७ गाठायचं. गाठलं की ओटीपी येतो. तो बघायला मेसेजमध्ये जाऊन परत यावं तर पान रिफ्रेश, सगळं कोरं, चला पुन्हा २००७ ला. फोटो म्हणे २० ते ५० केबीचा हवा. फोटो झकास यावेत म्हणून हप्त्यावर ५० मेगापिक्सलचा कॅमेरा घ्यायचा आणि मग ते खराब करायला वेगळं ॲप डाऊनलोड करायचं, त्यात आधी रमीची जाहिरात बघायची.

शेवटी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. पूर्वी तिथे सायबर कॅफे होता, प्लायवूडचे खोपटे आणि तासाचे वीस रुपये. आता एकच कॉम्प्युटर, तोही विंडोज सेव्हनवाला, कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली, आणि समोर रांगेत झाडून सगळ्यांच्या हातात फोर-जी, फाईव्ह-जी फोन. "काका, ओटीपी?" मी मोठ्याने वाचला, अख्ख्या रांगेने ऐकला. दहा मिनिटांत फॉर्म भरून प्रिंट हातात.

"मोबाईलवर फोटो काढून ठेवा याचा," तो म्हणाला, "शाई उडते."