नमनाला घडाभर लेटेक

चार-पाच जणांनी मिळून शोधनिबंध लिहायचं ठरलंय, त्यात समीकरणं बरीच आहेत आणि तुम्ही लगेच लिहायला बसणार आहात? थांबा. असा उतावीळपणा बरा नव्हे. समीकरणं कशात लिहायची ते आधी ठरवा. हा प्रश्न नीट हाताळला तर पहिले तीन महिने निबंधाकडे बघावंसुद्धा लागत नाही, आणि तरी काम केल्याचा थकवा सगळ्यांना येतो.

या पद्धतीला थोर परंपरा आहे. डोनाल्ड क्नूथ संगणकशास्त्रावरचा आपला बहुखंडी ग्रंथ लिहीत होते. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हातात आली. त्यातली गणिताची छपाई बघून त्यांचा जीव विटला आणि त्यांनी ठरवलं, अक्षरजुळणीचा प्रोग्राम आपणच लिहू. काम थोडक्यात आटपेल असं वाटलं होतं. दहाएक वर्षं गेली. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक इतकाच, की त्यांच्या खोळंब्यातून जगाला टेक मिळालं, तुमच्यातून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघेल. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला एक अंक वाढवत पाय (π) या गणितातल्या संख्येकडे सरकतो: ३.१४, ३.१४१, ३.१४१५. आपल्यामागे तो पायवरच थांबवावा आणि उरलेल्या चुकांना वैशिष्ट्यं म्हणावं, असं क्नूथनी सांगून ठेवलंय. तुमच्या मसुद्यालाही हेच क्रमांक द्या. पूर्णत्वाच्या जवळ जात राहील, पोचणार नाही.

आता गटातला लेटेकवाला, म्हणजे टेकवर बेतलेल्या लेटेकमध्ये आज्ञा टाइप करून लिहिणारा, शोधा. तो शोधावा लागत नाही म्हणा, तोच तुम्हाला शोधत येतो. पहिली मीटिंग उच्चारावर घ्या. 'टेक्स' म्हणणाऱ्याला तो थांबवेल आणि शेवटचं अक्षर इंग्रजी एक्स नसून ग्रीक 'खाय' आहे, हे घसा खरवडून दाखवेल. नीट उच्चार केला तर समोरच्या पडद्यावर किंचित ओल यावी, अशी खूण क्नूथनीच दिलेली आहे. त्यामुळे ही मीटिंग ऑनलाइन घेणं बरं.

मग त्याला फाइलीच्या डोक्यावर आपले खास मॅक्रो, म्हणजे स्वतः बनवलेल्या छोट्या आज्ञा, लिहू द्या. सदिश राशी वारंवार लिहाव्या लागतात, म्हणून तो 'बॅकस्लॅश व्ही' ही आज्ञा डोक्यावर बाण असलेला व्ही काढण्यासाठी नव्याने बांधेल. टेकची मूळ 'डेफ' ही आज्ञा वापरून बांधली तर लेटेक चकार शब्द काढत नाही. पण ही आज्ञा मुळात अक्षरावर चेक भाषेतली ती उलटी टोपी चढवण्यासाठी असते. दोन महिन्यांनी कुणीतरी संदर्भसूचीत चेक गणिती एदुआर्द चेख यांचं टोपीवालं नाव घालतं आणि अख्खा निबंध कोसळतो. पडद्यावर संदेश येतो: डॉलर हरवला होता, घातला आहे. डॉलरच्या खुणेत गणित बंद करायचं असतं हे ठाऊक असलेले कपाळाला हात लावतात. अनुदानाचा हिशेब ठेवणारे सहलेखक मात्र दचकतात. संदेशातला ओळक्रमांक पाहून चूक शोधायला जाऊ नका. चूक जिथे कळली तो क्रमांक असतो, जिथे झाली तो असेलच असं नाही.

दुसरीकडे ज्येष्ठ सहलेखक असतात. ते वर्डमध्ये लिहितात. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ज्याच्या नावे प्रकल्प त्याचं सॉफ्टवेअर. त्यांची समीकरणं त्यांच्याच जुन्या निबंधातून उचललेली असतात, तीही वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये केलेली. तो एडिटर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला, कारण त्याच्या मार्गाने परक्याला तुमच्या संगणकात शिरता येत होतं. हे भगदाड सतराएक वर्षं तसंच होतं. लोक समीकरणांना घाबरतात ते उगीच नाही.

नव्या वर्डमधली समीकरणं चांगली दिसतात, हे लेटेकवाल्यासमोर बोलू नका. ज्येष्ठांना मात्र फाइल जुन्या 'डॉक' प्रकारात साठवायला सांगा. म्हणजे प्रत्येक समीकरणाचं चित्र होतं. चित्रातली चूक दुरुस्त करता येत नाही, नुसती बघता येते. मतभेद तिथेच संपतात. क्रमांक उजवीकडे यावेत म्हणून दर समीकरणाला तीन रकान्यांचा अदृश्य तक्ता करा आणि क्रमांक हाताने टाका. नंतर मधे एक समीकरण वाढलं की पुढचे सगळे आकडे बदलण्याचं काम पीएचडीच्या मुलाला द्या, त्याचं शिक्षण चालू आहे. आणखी एक: वर्डच्या समीकरणपेटीत हल्ली लेटेकच्या धाटणीच्या आज्ञाही चालतात. हे गटात कुणाला सांगू नका, तंटा मिटण्याचा धोका आहे.

तडजोड करायचीच असेल तर अशी करा. मजकूर गूगल डॉक्समध्ये, समीकरणं ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेकवर, ज्येष्ठांच्या सूचना कागदावर लाल शाईने आणि त्या कागदाचे तिरके फोटो ग्रुपवर. त्यात ग्रीक न्यू आणि इंग्रजी व्ही सारखेच दिसतात, त्यामुळे वारंवारता आणि वेग यांत काही काळ भेद उरत नाही. शेवटी सगळं पँडॉकमधून, म्हणजे फाइलींचा प्रकार बदलून देणाऱ्या प्रोग्राममधून, काढून एकत्र करायचं. पँडॉक बिचारं खरंच मन लावून काम करतं, पण त्या मुलाने हाताने जुळवलेले तक्ते आणि खास मॅक्रो त्याने तरी कुठे ठेवायचे? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणायचं.

पुरावा मागणारा कुणी भेटलाच तर २०१४ चा 'प्लॉस वन' या नियतकालिकातला अभ्यास पुढे करा. चाळीस जणांकडून मजकूर टाइप करून घेतला होता. साध्या मजकुरात आणि तक्त्यांत वर्डवाले सरस ठरले, समीकरणांत लेटेकवाले. काम करताना मजा मात्र लेटेकवाल्यांनाच जास्त आली. यातलं अर्धं वाक्य तुम्ही वाचा, अर्धं त्यांना वाचू द्या.

लिक्स, टाइप्स्ट वगैरे इतर सॉफ्टवेअरची नावंही जवळ ठेवा. वापरण्यासाठी नव्हे, चर्चा निवळायला लागली की सोडायला.

दोन प्रश्न तेवढे कटाक्षाने टाळा. निबंध कुठे पाठवायचा आहे, आणि प्रत्यक्ष टाइप कोण करणार आहे? टेकमध्ये केलेल्या लेखाची नुसती पीडीएफ आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर चालत नाही, मूळ फाइल द्यावी लागते. नियतकालिकांचेही आपापले साचे असतात. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निवड पाच मिनिटांत उरकते आणि मग, नाइलाजाने, लिहावं लागतं.

मी स्वतः एकदा अख्खी दुपार एका संकलनाच्या (इंटिग्रलच्या) 'डीएक्स'आधी बारीकशी मोकळी जागा सोडण्यात घालवली होती. लेटेकमध्ये त्यासाठी बॅकस्लॅश आणि स्वल्पविराम लिहितात. मी एकदा लिहिला, पुसला, दोनदा लिहिला, तिघांना दाखवला. चौथ्याने सांगितलं की वर्डमध्ये ही जागा आपोआप येते, त्यावर आणखी एक तास गेला. जागा अखेर फार देखणी झाली. संकलनाच्या मर्यादा उलट्या होत्या.

तेव्हा तुमच्या समीक्षकाचं पत्र येईल की तिसऱ्या समीकरणात चिन्ह चुकलंय, तर गांगरून जाऊ नका. वजाचं अधिक करायला क्षणभर पुरतो, पण ते कोणत्या फाइलीत करायचं? ओव्हरलीफवरची मूळ धरायची, की ज्येष्ठांकडची चित्रांची, की पँडॉकमधून निघालेली? मीटिंग बोलवा.