वजनाबद्दल बोला, पण घालूनपाडून नको

परवा सिंहगड रोडला एका डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरून झाली आणि एक मावशी पोरीच्या ताटात तिसरी पुरणपोळी वाढून वर तूप सोडत म्हणाल्या, "खा गं, दोन जिवांची आहेस." अर्ध्या तासात त्याच मावशी स्वयंपाकघरात मला हळूच विचारत होत्या, "हिचं वजन फार आहे हो, नॉर्मल होईल ना?"

22 वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काढली, म्हणून लिहितेय. वजनाने धोका वाढतो, हे खरं आहे. बीपी, शुगर, सिझर, नंतर टाके चिघळणं, पायाच्या शिरेत गुठळी, सगळ्याचीच शक्यता वाढते. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, 25 झाला की लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याला कमी वजनातही शुगर गाठते.

पण जाड बाईच्या कळांना वेळ लागतो, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. पिशवीचं तोंड 4 वरून 6 सेंटिमीटर व्हायलाच तासन्‌तास जातात. तो तिचा आळस नसतो. बाळाचे ठोके आणि बाई दोन्ही ठीक असतील तर धीर धरायचा असतो.

धायरीची एक पहिलटकरीण आठवते, 96 किलोची, गरोदरपणात शुगर निघालेली. बाळाचे ठोके दाखवणाऱ्या मॉनिटरचा पट्टा पोटावर टिकेना, ठोके मध्येच गायब व्हायचे. पाऊण तास मी त्या पट्ट्याखालची ठोके टिपणारी चकती, प्रोब, हाताने दाबून धरली. बीपी 150 च्या वर दाखवत होतं. बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा, म्हणजे कफ, मोठा शोधून आणला तर 128. दंड जाड आणि कफ लहान असला की बीपी खोटंच जास्त येतं! भूल देणाऱ्या मॅडमना आधीच कळवलं होतं, कारण अशा पाठीत मणका बोटाला सहज लागत नाही, ऐन घाईत सुई घालायची वेळ नको. एवढी सगळी काळजी घेतली, आणि तिच्या पायथ्याशी उभं राहून एक जण म्हणाले, "खाताना कळलं नाही का?" त्यानंतर कळ आली तरी तिने आवाज काढला नाही. हुंकारसुद्धा नाही.

सकाळी सिझर झालं, बाळ-बाळंतीण सुखरूप. सहा आठवड्यांनी शुगर परत तपासायची होती, ती आलीच नाही. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची भीती मोठी असते, म्हणूनच ती तपासणी सांगतात. जिथे अपमान झाला तिथे परत कोण येईल? मला याचाच राग आहे.

वजनाचं बोलायचं ते मूल हवं असं ठरतं तेव्हा, शांतपणे. दिवस गेल्यावर उपाशी राहून वजन उतरवायचं नसतं. आधीच बीएमआय 30 च्या वर असेल तर नऊ महिन्यांत 5 ते 9 किलो वाढ पुरते. आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन 2 तासांनी शुगर बघायची, पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. 140 किंवा जास्त आली तर लगेच डॉक्टर.

निघताना त्या पोरीची फाइल मागून घेतली. सातवा महिना, आणि शुगरची तपासणी एकदाच झालेली. "सोमवारी जाते मावशी," म्हणाली. मी म्हटलं, "एकटी जाऊ नकोस, मी येते बरोबर."