झेब्र्यांची बग्गी आणि दोन लाख ऐंशी हजार पक्षी

झेब्रे जुंपलेल्या बग्गीत बसलेला दाढीवाला इंग्रज: हा फोटो तुमच्याही ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल. खालचा मजकूर साधारण असा. हा लॉर्ड वॉल्टर रोथशिल्ड, जगाचा सावकार. झेब्रा पाळीव करता येतो हे यानं सिद्ध केलं. पॅलेस्टाईन ब्रिटिशांनी यालाच लिहून दिलं. प्राणी मारून त्यांत पेंढा भरणं हा याचा श्रीमंती छंद, आणि पैसे उधळून कंगाल झाल्यावर यानं सगळं म्युझियम अमेरिकेला विकलं. फोटो खरा आहे. मजकुराचं मात्र एकेक करून बघायला हवं.

झेब्र्यांचं आधी उरकू. बग्गी त्यानं खरोखरच लंडनच्या रस्त्यांतून हाकली. पण चार जनावरांना गाडीची सवय लावणं वेगळं आणि अख्खी जात पिढ्यानपिढ्या पाळीव करणं वेगळं. आफ्रिकेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनीही झेब्रे जुंपून पाहिले आणि नाद सोडला. जनावर बिथरतं, कडाडून चावतं.

'जगाचा सावकार' हे तर त्याच्या वडिलांना ऐकवलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. घराण्याची बँक होती, थोरला मुलगा म्हणून १८८९मध्ये याला तिथं बसवलं, पण लक्ष सगळं फुलपाखरांत. १९०८मध्ये त्यानं बँक सोडली. १८९९ ते १९१० तो एल्सबरीचा खासदार होता. १९१५मध्ये वडील वारले तेव्हा उमरावकी याच्याकडे आली, पण संपत्तीचा मोठा वाटा धाकट्या भावाला, चार्ल्सला गेला. हा चार्ल्स पिसवांचा अभ्यासक. उंदरांवरच्या ज्या पिसूमुळे प्लेग पसरतो तिचं शास्त्रीय वर्णन त्यानं १९०३मध्ये केलं, आणि पुढच्या काही वर्षांत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशननं तिच्यावरचा आरोप पक्का केला. मुंबईच्या प्लेगच्या गोष्टीत रोथशिल्ड हे नाव येतं ते असं.

आता पॅलेस्टाईनचं, म्हणजे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांच्या जाहीरनाम्याचं. २ नोव्हेंबर १९१७चं ते पत्र लॉर्ड रोथशिल्ड यांच्या नावे आहे, यात शंका नाही. तो नुसता पोस्टाचा पत्ता होता असंही नाही. मसुद्याच्या वाटाघाटींत वॉल्टर स्वतः होता. पण पत्रात त्याला काहीही दिलेलं नाही. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर व्हावं याला असलेला सरकारचा पाठिंबा, त्यासाठीच झटणाऱ्या झायोनिस्ट संघटनेला कळवा, एवढी विनंती आहे, आणि तिथल्या बिगर-ज्यू लोकांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येणार नाही हेही लिहिलेलं आहे. ते पुढे किती पाळलं गेलं हा निराळा आणि कडू विषय. निर्णय युद्धकालीन मंत्रिमंडळाचा होता. 'ज्यू पैशानं सरकार विकत घेतलं' म्हणणाऱ्यांनी एक नाव जरूर लक्षात ठेवावं: एडविन माँटेग्यू. हे आपल्या ओळखीचे, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवाले भारतमंत्री. स्वतः ज्यू असून त्यांनी या जाहीरनाम्याला कडाडून विरोध केला होता.

'पेंढा भरायचा छंद' हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खुपतो. एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून वडिलांनी लंडनजवळच्या ट्रिंग गावी म्युझियमसाठी जागा आणि पैसे दिले. १८९२मध्ये ते लोकांसाठी उघडलं. हौस म्हणायची तर म्हणा, पण पक्ष्यांसाठी अर्न्स्ट हार्टर्ट आणि कीटकांसाठी कार्ल जॉर्डन असे दोन अव्वल जर्मन शास्त्रज्ञ त्यानं पगारावर ठेवले, १८९४पासून स्वतःचं नियतकालिक चालवलं, आणि तिघांनी मिळून पाच हजारांहून जास्त नव्या जातींचं वर्णन केलं. एकाच जातीचे ढीगभर पक्षी कशाला, असं त्या काळीही लोक विचारत. ट्रिंगच्या खणांत प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असे: कुठे सापडला, कधी सापडला. अशा रांगा शेजारी शेजारी मांडल्या की एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना रंग आणि चोच कशी बदलते ते दिसतं. एका नमुन्यात ते दिसत नाही.

आणि तो पतंग! मादागास्करच्या एका ऑर्किडची मधाची नळी फूटभर लांब. १८६२मध्ये डार्विन म्हणाला, एवढी लांब सोंड असलेला पतंग तिथं असलाच पाहिजे. काहींनी हसण्यावारी नेलं. १९०३मध्ये त्या पतंगाचं वर्णन छापून आलं. लिहिणारे रोथशिल्ड आणि जॉर्डन.

विक्रीचं म्हणाल तर १९३२मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमला गेली ती फक्त पक्ष्यांची कातडी. साधारण २,८०,००० नग, सव्वादोन लाख डॉलरला. म्हणजे पक्ष्यामागे डॉलरसुद्धा पडला नाही. आणि कारण उधळपट्टी नव्हतं. त्याच्या पुतणीनं, मिरियमनं, नंतर लिहिलं की एक जुनी प्रेयसी त्याला वर्षानुवर्षं ब्लॅकमेल करत होती. न्यूयॉर्कमध्ये हे पक्षी अर्न्स्ट मायर या तरुण जर्मनाच्या हाताखाली आले. नव्या जाती कशा निपजतात यावर पुढे जगभर मानला गेला तोच मायर. बाकी सगळं, वीस लाखांवर फुलपाखरं-पतंग आणि म्युझियमची इमारत धरून, १९३७मध्ये मृत्युपत्रानं ब्रिटिश म्युझियमकडे गेलं. ट्रिंगला आजही जाऊन बघता येतं.

त्याला नावं ठेवायचीच असतील तर खरी ठेवा. हवाई बेटांवर आधीच विरळ झालेले पक्षी त्याच्या माणसांनी टिपले. आणि १९०२मध्ये त्यानं ट्रिंगच्या बागेत आणलेले खारीएवढे युरोपी डॉरमाउस (उंदरांच्या जातकुळीतले प्राणी) निसटले. त्यांची प्रजा अजून आसपासच्या घरांच्या माळ्यांवर वायरी कुरतडत असते, आणि कायदा असा की परवान्याशिवाय त्यांना मारताही येत नाही.