ड्रॉइंगवर नाव कोणाचं?

आज दुपारी कॉलेजातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. पहिली काही मिनिटं नुसतीच रडत होती. मग एकेक गोष्ट बाहेर आली. एका छोट्या इंटिरिअर ऑफिसात ती इंटर्नशिप करतेय. तिथल्या एका बेडरूमची सगळी वर्किंग ड्रॉइंग्ज, म्हणजे साइटवर ज्यांच्यावरून काम होतं ती, तिने एकटीने केली. प्लॅन, चारही भिंतींची एलेव्हेशन्स (समोरून दिसणारी चित्रं), वॉर्डरोबची सेक्शन्स (उभे छेद), सीलिंग, स्विचबोर्डच्या जागा, सगळं. रात्री जागून केली. आज प्रिंट हातात आले, तर खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगची माहिती लिहायच्या तक्त्यात, 'ड्रॉन बाय'च्या चौकटीत भलत्याचीच आद्याक्षरं. तिने विचारलं तर सर म्हणाले, "इंटर्नचं नाव क्लायंटसमोर बरं दिसत नाही." मग तिने धीर करून स्टायपेंडचंही विचारलं. त्यावर उत्तर आलं, "तुला शिकवतोय ना? खरं तर तूच फी द्यायला हवीस."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दोनदा लिहून खोडलं. आता खोडणार नाही.

तुम्ही माझ्या यादीत आहात म्हणजे एवढं तर तुम्हाला मान्यच असणार, की ज्याने काम केलं त्याचं नाव लागावं आणि ज्याने काम केलं त्याला पैसे मिळावेत. हे पटवून देत बसायची माझी आज तयारी नाही.

मीसुद्धा छोट्याच ऑफिसात इंटर्न होते. मॅडम, ड्राफ्टिंग करणारे एक दादा, साइट बघणारे एक जण आणि मी, बस. कोपऱ्यात लॅमिनेटचे (प्लायवर चिकटवायच्या रंगीत पत्र्यांचे) नमुने, त्याच टेबलावर आम्ही जेवायचो आणि त्याच टेबलावर क्लायंट बसायचे. पहिल्याच आठवड्यात मॅडम मला साइटवर घेऊन गेल्या आणि टेप माझ्या हातात दिली. दोन भिंतींच्या मधल्या खाचेत वॉर्डरोब बसवायचा होता. मी रुंदी एकदा मोजली, लिहिली, निघाले. त्या म्हणाल्या, "तीन ठिकाणी घे. फरशीलगत, मध्ये आणि वर." घेतली. खाली २४१२ मिलिमीटर, मध्ये २४०५, वर २३९८. तोपर्यंत माझ्या लेखी भिंत म्हणजे कॅड सॉफ्टवेअरमधली सरळ रेघ होती. मग म्हणाल्या, "आता कोणती भिंत तिरकी आहे ते शोध." ओळंबा दिला आणि स्वतः बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मी दोन्ही भिंतींना ओळंबा धरला. खिडकीकडची भिंत बरोबर होती. दाराकडची वर जाता जाता आत झुकली होती. खोलीचे दोन्ही कर्णही मोजले, तेही सारखे निघाले नाहीत, म्हणजे खोली काटकोनात नव्हती.

ड्रॉइंग मीच केलं. बॉक्सची रुंदी सगळ्यात कमी मापावरून धरायची, उरलेली फट पट्टीने झाकायची, हे दादांनी समजावलं. मॅडमनी तपासलं, लाल पेनाने तीन-चार ठिकाणी गोल केले, मी दुरुस्त केलं. प्रिंट काढायच्या आधी त्यांनी टायटल ब्लॉक उघडायला लावला. 'चेक्ड बाय'मध्ये त्यांनी स्वतःची आद्याक्षरं टाकली आणि 'ड्रॉन बाय'वर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं पूर्ण नाव लिही. मोबाइल नंबर पण."

काही दिवसांनी सुतारकाकांचा फोन आला. थेट मला. "ताई, कागदावर तुमचं नाव आहे म्हणून तुम्हालाच विचारतो. खाली चौदा मिलिमीटर फट राहतीये. दोन्हीकडे अर्धी अर्धी घेऊ की एकीकडेच?" माझे हात थंड पडले होते. तरी मोजमापाचा कागद काढला, ओळंब्याची खूण बघितली आणि सांगितलं, "काका, खिडकीकडे बॉक्स भिंतीला भिडवून घ्या. पट्टी दाराकडे द्या, खाली रुंद आणि वर निमुळती." "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी फोन मागितला नाही.

मी आज इतकी का भडकलेय ते आता सांगते. त्या चौकटीतल्या नावामुळे मला तो फोन आला. प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचला, उत्तर मला द्यावं लागलं, आणि त्या एका फोनमध्ये मी जे शिकले ते दोन सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते. ज्याचं नाव त्याला प्रश्न. त्या मुलीचं नाव काढून टाकलं म्हणजे उद्या साइटवरचा प्रश्न तिच्याकडे येणारच नाही. तिने काढलेली रेघ लाकडात उतरताना कुठे अडली, कुठे चपखल बसली, तिला कधीच कळणार नाही. आणि वर म्हणे शिकवतोय! काय शिकवताय हो तुम्ही?

"बरं दिसत नाही" हे वाक्य तर डोक्यातून जातच नाहीये. आपल्या क्षेत्राला ही जुनीच खोड आहे. फ्रेंच डिझायनर शार्लोट पेरियाँ १९२७ मध्ये ल कॉर्बुझिए या नामांकित आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली तेव्हा आधी तिला परत पाठवलं होतं. मग त्याच ऑफिसात तिने, कॉर्बुझिए आणि त्याचा भागीदार पिएर जानरे यांच्या बरोबरीने, १९२८ च्या सुमारास त्या स्टीलच्या नळीच्या खुर्च्या आणि तो आडवं पडायचा शेझ-लाँग (लांब आरामखुर्ची) केला. जग त्यांना आजही 'एलसी' म्हणून ओळखतं. एलसी म्हणजे ल कॉर्बुझिए. तिची आद्याक्षरं त्यात कुठेच नाहीत. आपण वर्गात स्लाइडवर बघून हळहळतो आणि बाहेर पडलो की तेच करतो, दुसऱ्या वर्षातल्या पोरीबरोबर.

या ड्रॉइंग्जच्या आधी तिला काय काम होतं माहितीये? लॅमिनेटचे कॅटलॉग रंगानुसार लावायचे. कितीतरी दिवस फक्त तेच. कॅटलॉग लावण्यात मला कमीपणा वाटत नाही, मीही लावलेत. पण माझ्या शेजारी बसून दादा सांगायचे की प्लायच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावलं तर शटर, म्हणजे कपाटाचं दार, बाक धरतं, म्हणून आतल्या बाजूलाही लायनर (पातळ लॅमिनेट) लावून ताण सारखा करावा लागतो. मॅडम एकच नमुना खिडकीत धरायला लावायच्या, मग ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली आणि मग ६५०० च्या पांढऱ्याफेक दिव्याखाली. खिडकीत शांत वाटणारा करडा रंग दिव्याखाली चक्क हिरवट व्हायचा. "क्लायंट रात्री घरी असतो, तू दुपारी निवडतेयस," असं त्या म्हणाल्या होत्या. काम तेच, कॅटलॉगचं. फक्त सांगणारं माणूस शेजारी हवं. या पोरीला कोणी अवाक्षर सांगितलं नाही. साइट तर तिने अजून पाहिलेलीच नाही! बेडरूमची सगळी ड्रॉइंग्ज केली आणि त्या बेडरूममध्ये पाऊल टाकलेलं नाही. मोजमापं दुसऱ्याने आणून दिली. उंटावरून शेळ्या हाकणं ऑफिसच्या अंगवळणी पडलंय, आणि तिलाही तेच करायला लावतायत.

आता पैशाचं. बरं, मान्य आहे, छोट्या ऑफिसची बिलं महिनोन्महिने अडकतात आणि नवशिक्या मुलाला वेळ द्यावा लागतो. झालं, केलं मान्य. पण मग तीच ड्रॉइंग्ज क्लायंटला दिली ना? त्यांची फी लावली ना? लॅपटॉप तिचा, येण्या-जाण्याचा खर्च तिचा, जागरण तिचं, आणि बिलावर नाव ऑफिसचं. याला शिक्षण म्हणायचं असेल तर फुकटची हमाली कशाला म्हणायचं?

"सगळीकडे असंच असतं" हे तर मला सांगूच नका. २०१९ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीचं पॅव्हेलियन, म्हणजे उन्हाळ्यापुरता उभारायचा मंडप, जपानी आर्किटेक्ट जुन्या इशिगामी करत होते. त्यांच्या ऑफिसात बिनपगारी इंटर्न घेतात हे बाहेर आलं. स्वतःचा कॉम्प्युटर आणा, आठवड्याचे सहा दिवस या, मध्यरात्रीपर्यंत बसा, अशा अटी. एवढा मोठा आर्किटेक्ट, तरी गॅलरीने सांगितलं की या पॅव्हेलियनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पैसे दिलेच पाहिजेत. त्याच गदारोळात चिलीतल्या एलेमेंताल या ऑफिसने, ज्याच्या अलेहान्द्रो अरावेना यांना २०१६ चं प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक, मिळालं होतं, आपली इंटर्नशिपच बंद केली. बंद केली! मुलांना पैसे देऊन चालू ठेवता आली नसती का? त्याचाही मला तितकाच राग येतो. दार बंद झालं की नुकसान पुन्हा शिकणाऱ्याचंच.

जरा उठून पाणी पिऊन आले.

माझ्या मॅडम देवमाणूस होत्या असं मी म्हणत नाहीये. हँडओव्हरच्या, म्हणजे काम क्लायंटच्या ताब्यात द्यायच्या, आठवड्यात आम्ही सगळे रात्री उशिरापर्यंत साइटवर असायचो आणि त्या फार चिडचिड करायच्या. एकदा सगळ्यांसमोर मला असं काही बोलल्या की मी जिन्यात जाऊन रडले. ते मला अजूनही पटलेलं नाही. स्टायपेंडही फार नव्हता. पण तो ठरलेल्या तारखेला यायचा, मागावा लागायचा नाही. आणि उशीर झाला की घरी सोडायची व्यवस्था त्याच बघायच्या. एवढ्याशा गोष्टींनी माणूस ऑफिसात ताठ मानेने बसतो.

आणि सुतारकाका. त्यांच्याबद्दल लिहायला लागले की राग आपोआप उतरतो. वॉर्डरोब बसवला त्या दिवशी मॅडमनी मला साइटवर पाठवलं. माझी टेप बघून मी म्हणाले, "काका, हिच्या टोकाची पत्री हलतेय, खराब झाली वाटतं." काकांनी टेप हातात घेतली आणि पत्री आत-बाहेर करून दाखवली. ती पत्री जेवढी जाड असते तेवढीच हलते. फळीच्या कडेला अडकवून ओढली की बाहेर येते, भिंतीला टेकवून दाबली की आत जाते, म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. कॉलेजात इतकी वर्षं टेप वापरत होते, कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी मला दाराकडची पट्टी दाखवली. खाली रुंद, वर जाता जाता निमुळती, आणि भिंतीच्या खडबडीत पोताप्रमाणे कड रंध्याने अशी घासलेली की फटीत कागद जाणार नाही. मी फोनवर एक वाक्य बोलले होते, त्याचं त्यांनी हे केलं होतं. मला म्हणाले, "माप बरोबर होतं, म्हणून जमलं." माझ्या मार्कशीटवर आजवर जे काही छापलंय त्यापेक्षा मला हे वाक्य जास्त प्रिय आहे.

या पोरीला हे मिळायला हवं होतं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, तिची सेक्शन्स मी पाहिलीत.

माझ्या यादीत ऑफिस चालवणारे बरेच जण आहात. तुमचा टायटल ब्लॉक उघडा आणि शेवटच्या इंटर्नने केलेली शीट बघा. नाव नसेल तर घाला. पुढच्या साइट व्हिजिटला गाडीत एक जागा ठेवा. सुताराचा फोन आला तर लगेच हिसकावून घेऊ नका, दोन मिनिटं थांबा. या गोष्टींना पैसे पडत नाहीत. ज्याला पडतात तो स्टायपेंड, आणि तोही द्या.

आणि इंटर्नशिप शोधणाऱ्यांनो, मुलाखतीतच विचारून घ्या. साइटवर नेणार का, स्टायपेंड कोणत्या तारखेला, ड्रॉइंगवर नाव लागणार का, आणि पोर्टफोलिओत कोणती कामं दाखवता येतील. शेवटचं मेलवर लिहून घ्या, नंतर कोणाला काही आठवत नाही. विचारल्यावर समोरच्याच्या कपाळाला आठी पडली तर तिथे जाऊ नका.

ज्युनिअरला मी सांगितलंय, उद्या पुन्हा जाऊन विचार, आणि या वेळी बोलू नकोस, मेल कर. मी मसुदा करून दिलाय. दरम्यान कोणाच्या ऑफिसात जागा असेल तर मला इनबॉक्स करा, तिचं काम दाखवते.

रविवारी संध्याकाळी मी ऑनलाइन बसणार आहे, साइटचं मोजमाप कसं घ्यायचं ते दाखवायला. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा. टेप घेऊन बसा आणि आपापल्या खोलीचे दोन्ही कर्ण आधीच मोजून ठेवा, सुरुवात तिथूनच करू.