तिसऱ्या आणि चौथ्या भोकामधला माणूस

माझं घड्याळ जुनं नाही, जुन्यासारखं दिसतं. तबकडी साठच्या दशकातल्या घाटाची, काच घुमटासारखी फुगलेली, आतलं यंत्र मात्र परवा-परवाचं. चामडी पट्टा होता तोवर आमचं बरं चाललं होतं. मग घामाने चामडं कुजलं आणि माझ्या डोक्यात आलं की घड्याळ जुन्या वळणाचं आहे, तर पट्टाही त्याच वळणाचा, स्टीलचा हवा. म्हणजे नकली म्हाताऱ्यासाठी नकली म्हातारी बघायला निघालो. या स्थळात वय अस्सल असलेली गोष्ट एकच होती, माझं मनगट.

जुन्या स्टीलच्या पट्ट्यांचे घाट ठरलेले आहेत आणि त्यांचे भक्तही. रोलेक्सचा पाच ओळींचा ज्युबिली 1945 चा. कडेला रिव्हेटच्या टोप्या मिरवणारा ऑयस्टर वेगळा. स्पायडेलचा ट्विस्ट-ओ-फ्लेक्स 1959 चा. तो ताणला की लांबतो, सोडला की आखडतो आणि आखडताना मनगटावरचे दोन-चार केस ठेवून घेतो. मी पसंत केला तो ‘तांदळाच्या दाण्यांचा’: मधे बारीक, लांबट, चकचकीत दाण्यांच्या ओळी आणि कडेला सपाट कड्या. जिनिव्हाच्या गे फ्रेर नावाच्या कारखान्याने, जो 1835 पासूनचा, असले पट्टे साठच्या दशकात ह्यूअरसारख्या घड्याळवाल्यांना करून दिले. 1998 मध्ये रोलेक्सने तो कारखानाच विकत घेतला. मी इतका श्रीमंत नसल्यामुळे नकलेवर थांबलो.

नक्कल उघड होती, तसं लिहूनच विकलेली. पण निष्ठा बघावी तर त्या नकलेची! त्या काळचे बरेच पट्टे पत्र्याचे आणि पोकळ असत, हलवले की खुळखुळत. आज भरीव कडी करणं काही अवघड नाही. तरी माझा पट्टा पोकळ आहे आणि खुळखुळतो. बायको म्हणाली, “हा आवाज दुरुस्त होत नाही का रे?” मी म्हटलं, “आवाजाचेच तर पैसे दिलेत.” त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पहिला घोळ रुंदीचा. घड्याळाला पट्टा जिथे बसतो त्या दोन कानांमधलं अंतर मी मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं. 20 मिलिमीटर. पट्टा आला, बसेना. व्हर्नियर कॅलिपर लावून मोजलं तर 19. हा 19 चा आकडा जुन्या घड्याळांत बऱ्याचदा भेटतो, आणि माझ्या घड्याळाने जुनेपणाची नक्कल करताना नेमका तोच उचलला होता. 20 चा पट्टा आत जात नाही आणि 18 चा घातला की दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिलिमीटर फट राहते. फट दुसऱ्या कुणाला दिसत नाही, मला मात्र फक्त फटच दिसते. पट्टा परत गेला, 19 चा आला.

मग टोकाची कडी. हिची एक बाजू घड्याळाच्या गोलाईला टेकते, दुसरी पट्ट्याला धरते. दोन्ही घरांशी जमवून घेणं हे तिचं काम. माझ्या पट्ट्याची टोकं ‘सगळ्यांना बसणारी’ होती. सगळ्यांना बसणारी वस्तू म्हणजे नक्की कुणालाच न बसणारी, हे मला टी-शर्टमुळे माहीत होतं. टोकं पत्र्याची असल्याने पकडीला कापड गुंडाळून हलकेच वाकवता येतात. एक टोक वाकवलं, थोडं जास्त वाकलं. उलट वाकवलं, तेही जास्त. सहाव्या खेपेला ते जसं आलं होतं तसं झालं. आणि बसलं!

आता स्प्रिंग बार. दांडी ती केवढीशी, जेमतेम दोन सेंटिमीटरची, दोन्ही टोकांना आत दबणारी बोंडं. ती टोकाच्या कडीत ओवायची, एक बोंड एका कानाच्या भोकात टेकवायचं आणि दुसरं बारीक दुबेळक्याच्या हत्याराने दाबत-दाबत समोरच्या भोकात सोडायचं. भोक दिसत नाही, ते कडीने झाकलेलं असतं. बोंड भोकात गेलं की ‘टिक्’ असा आवाज होतो. मला ‘टिंग’ असा ऐकू आला, आणि तोही कपाटाच्या दिशेने.

मी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. मुलगी चुंबक घेऊन आली. मी ओरडलो, “घड्याळाजवळ नको!” चुंबकाने आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. बरं, कपाटाखाली फिरवावं तर स्टेनलेसची ही 316एल जात चुंबकाला जवळजवळ भीकच घालत नाही. “मग चुंबक कशाला उपयोगी पडतं, बाबा?” तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. शेवटी खोलीतले दिवे मालवले आणि मोबाईलचा टॉर्च फरशीला समांतर धरला. ही युक्ती खरोखर चालते, खड्याएवढ्या वस्तूचीही हातभर सावली पडते. चष्म्याचा स्क्रू सापडला, जो गेल्या वर्षी हरवला होता. एक गोळी सापडली, जी मी घेतली असं बायकोला सांगितलं होतं. स्प्रिंग बार नाही सापडला. पाकिटात दोन जादा होते, पट्टा करणाऱ्याला माणसाचा स्वभाव माहीत असावा. उरलेलं काम मी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून केलं. कानांवर ओरखडे नकोत म्हणून आधी चिकटपट्टी लावली होती. ओरखडा चिकटपट्टी जिथे संपते तिथून सुरू झाला.

पट्टा बसला. मनगटावर घातला. घड्याळ फिरून मनगटाच्या पोटाशी गेलं.

कड्या काढायच्या म्हणजे बक्कलच्या दोन्ही बाजूंनी सारख्याच काढायच्या, नाहीतर बक्कल मनगटाच्या मधोमध न राहता कडेला सरकते. सुट्या होणाऱ्या कड्यांच्या आतल्या अंगाला बाण कोरलेला असतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि परत घालताना बाणाच्या उलट. इतकं सोपं आहे. फक्त पट्टा उलटा धरला की बाणही उलटा होतो, आणि मी पट्टा उलटा धरलाय हे भिंगातून बघणाऱ्याला कळत नाही. पहिली पिन मी बाणाविरुद्ध अर्धा तास ठोकली. पिनेचं एक टोक चिरलेलं असतं, तेच तिला घट्ट धरून ठेवतं. तेव्हा ती माझ्याशी भांडत नव्हती, तिचं काम करत होती. पिन काढायच्या हत्याराची सुई वाकली, पिन नाही. दिशा बदलली तशी ती दोन टोल्यांत बाहेर आली. स्क्रूवाल्या पट्ट्यांत हा त्रास नसतो म्हणतात. तिथे स्क्रू आपोआप ढिले होतात आणि त्यांना लॉकटाइट नावाचा निळा, स्क्रू धरून ठेवणारा गोंद लावावा लागतो, म्हणजे त्रास फक्त दुसऱ्या दिवशी येतो.

दोन्हीकडून दोन-दोन कड्या काढल्या. करंगळी आत जाईल इतकी सैल, हा नियम. माझी करंगळी आणि सोबत मुलीची पेन्सिल जात होती. आणखी एक काढली. आता करंगळीच काय, रक्तही जाईना. एक कडी आठ मिलिमीटरची, आणि मला हवी होती साधारण अर्धी. अर्धी कडी काही पट्ट्यांबरोबर मिळते. माझ्याबरोबर नव्हती, कारण नक्कल निष्ठावान होती. कडी परत घातली.

यावर उपाय बक्कलमध्ये असतो. कडेला चार भोकं, तीन-तीन मिलिमीटरवर, टोच्याने बार दाबायचा आणि पुढच्या भोकात सरकवायचा. तिसऱ्या भोकात बसवलं. अगदी मापात. मी हात वर केला, खाली केला, घरातल्या प्रत्येकाला दाखवला. बायको म्हणाली, “छान दिसतंय.” आणि खरंच दिसत होतं.

ही सकाळची गोष्ट. दुपारी ऊन चढलं, मनगट फुगलं आणि तांदळाचे दाणे कातडीवर उमटले. चौथं भोक. रात्री गारवा आला, घड्याळ परत मनगटाच्या पोटाशी. तिसरं भोक. तेव्हापासून माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टोच्या असतो. बैठकीत कुणी वेळ विचारली तर मी मोबाईल काढून सांगतो. घड्याळ त्या वेळी बहुधा टेबलाखाली असतं, पिशवीत, चौथ्यातून तिसऱ्यात जाताना.